कणग्या नव्हेत, हे वेळेवर सांगणाऱ्या काकींना

ती. काकी,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी निघायच्या घाईत नीट आभार मानायचे राहिले. शिवाय पौषात कणग्या, म्हणजे उकडून खायचे ते कंद, खणायला गावी येणाऱ्यांनीही वाचावं, म्हणून पत्र उघडच लिहितोय.

आजी गेल्यापासून परड्यात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. गडग्याकडची, म्हणजे दगडी कुंपणालगतची, साफसफाई करताना कंद लागले आणि पोरांनी कणग्या समजून घमेलंभर पडवीत आणून ओतले. चुलीवर टोप चढलाच होता. तुम्ही ताक द्यायला आलात, घमेल्यात डोकावलात आणि म्हणालात, "ह्यो कणग्यो न्हय. ही कळलावी." म्हणजे विषारी वेलाचे कंद!

"फेकून द्या" एवढं कुणीही म्हटलं असतं. तुम्ही पोरांना शेजारी बसवून दोन्ही कंद हातात धरून दाखवलेत. कणगीच्या अंगाला बारीक मुळं, शिवाय एका वेलाखाली झुपकाच निघतो. कळलावीचा कंद गुळगुळीत, दोन फाट्यांचा, नांगरासारखा वाकलेला. मग गडग्यावरचा वाळका वेल ओढून काढलात. पानाच्या शेंड्याची गुंडाळी होऊन तिनेच करवंदीला धरलेलं होतं, फुटक्या बोंडात शेंदरी बिया होत्या. कणगी चढते ती खोडाने पीळ घालत, आणि तिचं पान पत्त्यातल्या बदामासारखं. आम्ही शहरातली माणसं दिसेल त्या पानाचा फोटो मोबाइलला दाखवतो. पौषात पानच वाळून गेलेलं असतं, दाखवणार काय?

श्रावणात त्याच जागी लाल-पिवळ्या फुलांचे फोटो मात्र आम्ही हौसेने काढलेत.

नंतर डॉक्टर मित्राला विचारलं. कळलावीत कोल्चिसिन नावाचं विष असतं. गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर तेच औषध म्हणून अगदी मोजून देतात. उकडून ते जात नाही. खाल्ल्यावर लगेच काही जाणवत नाही, काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि ते थांबले तरी पुढे मूत्रपिंडं, अस्थिमज्जा यांच्यावर बेतू शकतं. म्हणून कुणाच्या पोटात गेलंच, तर त्रासाची वाट न पाहता कंदाचा तुकडा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

तुम्ही पाठवलेल्या खऱ्या कणग्या मिठात उकडून त्याच रात्री संपल्या. गडग्यापलीकडची कळलावी तुम्ही म्हणालात तशी राहू दिलीय, खुणेला चिरा उभा केलाय. शिमग्याला येतोय. विहिरीकडच्या कोपऱ्यात गुंजेसारखा एक वेल दिसतो, तोही तुमच्या नजरेखालून घालायचा आहे.

तुमचा,
वरच्या घरातला