प्रत्यारोपित फुफ्फुसांची देखरेख कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात व्हावी

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सादर नमस्कार.

साहेब, माझे पती शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करायचे. वाळूच्या धुळीनं त्यांची फुफ्फुसं निकामी झाली. कुणाच्या तरी घरच्यांनी त्या दुःखातही अवयवदानाला होकार दिला, म्हणून ते आज श्वास घेतायत. ती फुफ्फुसं टिकावीत, यासाठी हे पत्र.

मूत्रपिंड, हृदय शरीरात बंदिस्त असतात. फुफ्फुस मात्र प्रत्येक श्वासाला बाहेरच्या हवेला भिडतं. म्हणूनच ते टिकवणं जास्त अवघड. जगभरात साधारण निम्म्या रुग्णांना पाच वर्षांत दीर्घकालीन रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवं फुफ्फुस हळूहळू नाकारणं, गाठतं, आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही.

निरोगी फुफ्फुसात जंतू नसतात, असं पूर्वी मानत. प्रत्यक्षात तिथं जिवाणूंची विरळ वस्ती असते, बरीचशी तोंडातून उतरलेली. प्रत्यारोपणानंतर अँटिबायोटिक्स, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, पोटातलं आम्ल वर येणं यांमुळं ती वस्ती बिघडते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं, की शस्त्रक्रियेला वर्ष झालेल्या, वरकरणी ठणठणीत रुग्णांपैकी ज्यांच्या फुफ्फुसात जिवाणूंचा भार जास्त होता, त्यांना पुढं रिजेक्शनचा किंवा मृत्यूचा धोका जास्त होता. म्हणजे माणूस चालता-बोलता असतानाच आत काहीतरी सुरू झालेलं असू शकतं. मला तर हे वाचून रात्रभर झोप लागली नाही.

अशा रुग्णाला साधा ताप आला तरी कुठलंही औषध देऊन चालत नाही. जवळच्या दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, तर टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी एकदम चढते आणि मूत्रपिंडावर बेततं. दर वेळी सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्याला धावायचं, तर मजुरी बुडते. मग तपासण्या लांबतात.

म्हणून विनंती अशी, की सीपीआरमध्ये आठवड्यातून एक दिवस प्रत्यारोपित रुग्णांची ओपीडी ठेवावी. स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणं), टॅक्रोलिमसची पातळी, दातांची तपासणी आणि गरजेनुसार ब्राँकोस्कोपी (नळीनं फुफ्फुस आतून तपासणं), सगळं तिथंच, मोफत. मूळ प्रत्यारोपण केंद्राच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी फोनवर बोलणं व्हावं. रुग्णांच्या संमतीनं नमुने जपून शिवाजी विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला अभ्यासासाठी द्यावेत. इथली हवा, इथला क्षय, ऊस पेटवल्यावरचा धूर हे मिशिगनच्या नमुन्यांत सापडणार नाही.

सगळं एकदम जमत नसेल, तर टॅक्रोलिमसच्या तपासणीपासून सुरुवात करा. ती आधी हवी.

आपली नम्र,
एका रुग्णाची पत्नी, उचगाव, जि. कोल्हापूर