बेळगावच्या किल्ल्याच्या तटाविषयी पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळूरु यांस,

सविनय नमस्कार.

किल्ला तलावाकाठी रोज संध्याकाळी फिरायला येणाऱ्या बेळगावकरांपैकी मी एक आहे. तिथली बाग आणि २०१८ साली उभा राहिलेला ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ यांविषयी माझी तक्रार नाही. (शेंगांची टरफले पाण्यात टाकणाऱ्यांविषयी आहे, पण ती आपसांतली गोष्ट.) मात्र बागेकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे शेजारच्या तटाकडे जात नाही, म्हणून हे पत्र.

१२०४ मध्ये रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा अधिकारी बीचिराज याने किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर बांधवले, पुढे आदिलशाहीत, १५१९ साली, असदखानाने साफा मशीद उभारली, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडत असताना याच किल्ल्याने इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या वेढ्यापुढे २१ दिवस तग धरला. हा तग कशाच्या बळावर धरला, हे कळायला खंदकाच्या काठावर उभे राहून वर पाहावे. पण वर पाहिले की आता आधी दिसतात ते दगडांच्या सांध्यांतून फुटलेले पिंपळ. ते नुसते छाटले तर पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतात. मुळे मारून, सांधे मोकळे करून पुन्हा चुन्यानेच भरावे लागतात. घाईत सिमेंट लिंपले तर भिंतीतले पाणी आत कोंडते आणि दगडच झिजू लागतो.

किल्ल्याच्या आतील बराचसा भाग लष्कराकडे आहे, याची जाणीव ठेवूनच विनंती करतो की, रोषणाई किंवा सेल्फी पॉइंट यांवर खर्च करण्याआधी लष्कर व पुरातत्त्व खाते यांच्या संमतीने तटाची पाहणी करून घ्यावी, आणि चुन्याच्या कामाचे जाणकार गवंडी नेमावेत.

दुसरी विनंती लहान आहे. किल्ल्यातील जुने कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. निदान त्यांतील मजकूर तरी कन्नड, मराठी आणि इंग्रजी फलकांवर लावावा. आमच्या घरातली मुले मराठी शाळेत शिकतात, ती तिथे थांबून वाचतील.

झाडे काढण्याचे काम जूनच्या पावसाआधी व्हावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक बेळगावकर