गोरेशास्त्र्यांचं काय करू?

प्रिय बंड्या,

तब्येत ठीक, गुडघा तसाच. पत्राचं कारण गोरेशास्त्री, तेच काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे, पुढे ख्रिस्ती झालेले. हे नाव ऐकून ताडकन उठून बसणारा तूच एक.

इथल्या व्याख्यानमालेत त्यांच्यावर बोलायचंय. काल चिटणीस घरी आले, चहा संपवून म्हणाले, "काशीतलं पांडित्य रंगवा, बाप्तिस्म्यापाशी थांबा. उगाच वाद नको."

अरे, बाप्तिस्मा १८४८ चा, जौनपूरला. नीळकंठशास्त्र्यांचे नेहेम्या झाले ते तिथे. गेले १८९५ ला. मधलं सगळं गाळायचं? हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा दर्शनांना खोडून काढणारं 'षड्दर्शन दर्पण' त्यातच आलं. १८७० ची अँग्लिकन धर्मगुरूपदाची दीक्षाही त्यातच. पंडिता रमाबाईंचं मन वळलं तेही त्यांच्या लिखाणाने!

पुण्यात पंचहौदच्या चर्चवरून जाताना आपण किती भांडलोय! तू म्हणायचास, साहेबाच्या आमिषाला भुलला. जॉन म्यूरसाहेबाने ख्रिस्ती धर्माची बाजू मांडायला संस्कृतात लिहिलेल्या 'मतपरीक्षे'ला ज्याने ऐन विशीत 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून संस्कृतात उत्तर दिलं, तो आमिषाला भुलेल? मिशनऱ्याला वादात हरवायला गेला आणि बायबल वाचता वाचता स्वतःच हलला. त्या भांडणात भेळेचे पैसेही मीच दिले होते, ते आधी पाठव.

माझी खरी घालमेल पुढेच आहे. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. बायको लक्ष्मीबाई गेली, तान्ही एलन लक्ष्मी परक्या घरी वाढली, इंग्लंडला गेली. आणि सहाही दर्शनांचं खंडन करणारा हाच माणूस पुढे लिहितो की अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा हे संस्कार मुळात हिंदूंवर होते, म्हणून ख्रिस्ताची शिकवण त्यांना उमगू शकते. बंड्या, हे वाक्य बोलायचं नसेल तर मी तिथे उभा कशाला राहू? काशीचे शास्त्री आणि फादर गोरे वेगळे काढताच येत नाहीत रे. नानांनी तर सरळ नकार कळवला असता. पण मी नाही म्हटलं तर या गावात त्यांचं नावही कुणी काढणार नाही. बोलायला उभं राहावं आणि सगळंच सांगून टाकावं, असं आत्ता वाटतंय. चिटणिसांना आधी कळवावं की नाही, तेवढं सांग.

वहिनींची बदली झाली का? धाकटीच्या निकालाचे पेढे बाकी आहेत. उत्तर फोनवर नको, लिहून धाड, रविवारच्या आत.

तुझा,
अण्णा