रविवारच्या ड्यूटीबद्दल, आई-बाबांना

पुणे,
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर रोज बोलणं होतं, तरी हे कागदावर लिहितेय. फोन आईच्या हातात असतो, बाबा मागून प्रश्न विचारतात आणि माझ्या वतीने उत्तर आईच देऊन टाकते. मे महिन्यात आम्ही नगरला होतो तेव्हाही तेच झालं. बाबांनी जेवताना विचारलं, "महिन्यातले किती रविवार चर्चला होतं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "होतं की, जमेल तसं," आणि बाबांच्या पानात आमटी वाढली. विषय आमटीत बुडाला. आता सावकाश उत्तर देते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय म्हणून.

तर बाबा, महिन्यातून दोन रविवार होतं, कधी एकच. हॉस्पिटलमधल्या ड्यूटीचा तक्ता इन्चार्ज सिस्टर लावतात आणि रविवार सगळ्यांनाच हवा असतो. कुणाची मुलं त्या एकाच दिवशी घरी असतात, कुणाला सासूबाईंना गावाकडे भेटायला जायचं असतं. मला उपासनेला जायचंय हे कारण त्यांच्या कारणांहून मोठं आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सणांचं मात्र आम्ही आपसात ठरवून टाकलंय. लक्ष्मीपूजनाची रात्र मी आणि केरळच्या दोघी सांभाळतो, चोवीस डिसेंबरची रात्र बाकीच्या सांभाळतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण अजून एकदाही कुणी शब्द मोडलेला नाही. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, कॅलेंडरवर लाल असतो खरा. पण येशूच्या क्रूसावरच्या सात शब्दांची उपासना दुपारी बारा ते तीन आणि माझी ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ, तेव्हा लाल रंगाचा मला काय उपयोग?

शनिवारची नाईट असली तर मी तशीच चर्चला जाते. आठला हँडओव्हर सुरू होतो, तो अर्धा तास तरी चालतो, मग ॲप्रन पिशवीत कोंबायचा आणि रिक्षा. पहिल्या दोन गीतांपर्यंत मी जागी असते. उपदेश सुरू झाला की मागच्या बाकावर माझी मान खाली जाते ती आशीर्वादालाच वर येते. मागे एकदा पाळकसाहेब दारात हात मिळवताना म्हणाले, "सिस्टर, तुम्ही किती मन लावून प्रार्थना करता." तुमचे जावई शेजारीच उभे होते. ते इतके हसले की त्यांना खोकल्याचं सोंग करावं लागलं.

बाबा, तुम्ही ज्या हिशोबाने विचारता तो मिशन कंपाउंडचा हिशोब आहे. आपलं घर, तुमची शाळा, चर्च, दवाखाना, सगळं एका हाकेवर. घंटा ऐकून चपला घातल्या तरी पहिलं गीत सापडायचं. तुमचे मुख्याध्यापक चर्चच्या मंडळीतले, दूध घालणारा सोडला तर शेजारपाजारही मंडळीतला. रविवार पाळायला तिथे वेगळं काही करावं लागत नव्हतं, रविवार आपोआप व्हायचा. मी त्याला नावं ठेवत नाही. पण इथे आमच्या सोसायटीत आपलं एकच घर आहे आणि चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला. नाताळात करंज्या आणि शंकरपाळे घेऊन दारोदार गेले तर पहिल्या वर्षी समोरच्या काकू म्हणाल्या, "तुमच्यात केकच असतो ना?" आता त्याच काकू डिसेंबर लागला की साटा कधी लावायचा म्हणून विचारायला येतात. यावर्षी त्यांनीच अनारशांचं पीठ करून द्यायचं कबूल केलंय.

आता घरच्या प्रार्थनेचं. तुमच्याकडे साडेसातला पेटी निघायची. रेव्हरंड ना. वा. टिळकांची दोन भजनं, बायबलचा एक अध्याय, मग बाबांची लांब प्रार्थना, तिच्यात कलेक्टरपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळे यायचे. आई, तू मात्र कधी पूर्ण बसलेली मला आठवत नाहीस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, अर्धी आत अर्धी बाहेर, एक कान अध्यायाकडे आणि एक कुकरकडे. लूकच्या दहाव्या अध्यायावर बाबा दरवर्षी महिला सभेत बोलायचे, मार्था कामात गुंतली आणि मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसली, तिने चांगला वाटा निवडला म्हणून. आमच्या घरात मरीया बाबाच होते. मार्था उंबऱ्यावर भाकरी थापत होती, आणि तिच्यामुळेच मरीयेला बसायला मिळत होतं! बाबा, रागावू नका. हे मी आता स्वतः उंबऱ्यावर बसल्यावर मला दिसायला लागलंय.

आमच्याकडे पेटी नाही. सकाळी सहा-दहाला स्कूलबस येते, तर सहाला दारात बुटांच्या नाड्या बांधता बांधता प्रार्थना होते. मी नाईटला असले तर तुमचे जावई घेतात, आणि त्यांची प्रार्थना तुम्हाला ठाऊक आहे, तीन वाक्यांत आमेन. धाकट्याने मात्र स्वतःची एक पद्धत काढली आहे. मी घरी पेशंटची नावं सांगत नाही, ते बरोबरही नाही, पण जेवताना बोलण्यात बेडचा नंबर निघतो. तो तेवढाच धरून ठेवतो. परवा नाडी बांधताना म्हणाला, "प्रभू, सहा नंबरला आज भात जाऊ दे." सहा नंबरचे आजोबा चार दिवस नुसत्या पेजेवर होते. रात्री घरात पाऊल टाकते न टाकते तोच पहिला प्रश्न, भात गेला का? गेला होता, दोन घास. त्यावर त्याचं म्हणणं, उद्या आमटीसुद्धा मागू.

हेच सहा नंबरचे आजोबा वारकरी. वारी तोंडावर आली आणि आपण इथे अडकलो याचंच त्यांना दुःख, दुखण्याचं नाही. रात्री झोप लागली नाही की हरिपाठ म्हणायचे, हळू आवाजात, शेजारच्याला त्रास नको म्हणून. एका रात्री मी सलाईन बदलताना माझ्याही नकळत टिळकांचं एक भजन गुणगुणले. ते थांबले आणि म्हणाले, "माउली, हा अभंग कुणाचा? आमच्या फडावर कधी ऐकला नाही." मी म्हटलं, आमच्या नगरला राहिलेल्या एका कवीचा, ख्रिस्ती होते. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "असेना. वळण तुकोबाचं आहे." बाबा, तुम्ही असता तर त्यांच्या पायथ्याशी स्टूल ओढून बसला असता आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो हे टिळकांचं म्हणणं त्यांना ऐकवलं असतं. मी नाही ऐकवलं. एक तर पाच नंबरचा मॉनिटर वाजायला लागला. आणि दुसरं, आजारी माणूस अंथरुणात अडकलेला असताना माझ्या श्रद्धेविषयी त्याने विचारलं तेवढंच सांगावं, पुढे जाऊ नये, असं मला वाटतं. तिथे मी सिस्टर आहे. याबद्दल तुमचं मत वेगळं असेल हे मला माहीत आहे.

मुलांना आई मिळत नाही ही आईची काळजी. मे महिन्यात तू ते थेट म्हणाली नाहीस, पण रोज रात्री धाकट्याच्या डोक्याला तेल लावून घेत होतीस त्यात सगळं आलं. मला तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. बाबा त्यांचं उदाहरण दर पाच एप्रिलला, त्यांच्या स्मृतिदिनी, देतात. विधवांना आसरा दिला, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं (लहानपणी मला ते आपलं नगरचंच केडगाव वाटायचं, दौंडजवळचं नव्हे), मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. सगळं खरं. पण त्या एका मुलीची आईही होत्या. मनोरमा लहान असताना तिला बरेच दिवस दुसऱ्यांच्या हवाली ठेवावं लागलं. पुढे तीच मुलगी त्यांचा उजवा हात झाली आणि 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, आणि त्यांचं बायबल छापून पुरं झालं 1924 मध्ये. व्यासपीठावरून आपण भाषांतराबद्दल बोलतो. मनोरमेची वेणी कोण घालत होतं, रमाबाई कामावरून उठून तिच्याजवळ केव्हा बसायच्या, हे कुणी विचारत नाही. मी रमाबाई नव्हे, माझं काम बारा तासांचं आणि पगाराचं आहे. पण कामावर गेलेली आई म्हणजे श्रद्धेत उणी पडलेली आई, हा हिशोब त्यांना लावत नसाल तर मलाही लावू नका. आणि नगरकरांनी तर मुळीच नको. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरारबाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई शिक्षिकेचे धडे घ्यायला त्यांच्याकडे आल्या. बायकांनी शिकून कामाला लागावं ही आपल्या गावची जुनीच सवय आहे.

थोरलीला तुम्ही तेविसावं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", मराठीत पाठ करायला सांगितलं होतं. झालंय, एकदोन ठिकाणी अडखळते. पण त्यातून नवंच निघालं. परत येताना सुपं गाव सोडल्यावर गाडी थांबली, समोर रस्ताभर मेंढरं. कोकणातून परतीला लागलेले धनगर असावेत. पुढे घोडं, त्याच्या पाठीवर बाज आणि भांडीकुंडी, आणि एका बाजूच्या झोळीतून दोन कोकरांची तोंडं बाहेर आलेली. मागे एक बाई, काखेत पोर, खांद्यावर काठी, आणि रस्ता सोडून बांधावर चढलेल्या एका मेंढीला ती न ओरडता, नुसत्या जिभेच्या टाळीने खाली आणत होती. थोरली काच खाली करून पाहत राहिली. मला वाटलं, स्तोत्र आपोआप समजलं. शिरूर येईपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "पण मम्मी, शेवटी ते मेंढ्या विकतातच ना? कापायला?"

मी योहानाचा दहावा अध्याय सांगून पाहिला, उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. ती म्हणाली, ते येशूने नंतर सांगितलं. दावीद तर स्वतः मेंढरं राखत होता, त्याला विकण्याचं ठाऊक असणारच, तरीही मला काही उणे पडणार नाही असं त्याने मेंढराच्या बाजूने कसं लिहिलं? तुमचे जावई म्हणाले, हा प्रश्न नगरला पाठवू. तर पाठवलाय. तिला उत्तर पोस्टकार्डावर नको, पत्रात लिहा, आणि "मोठी झालीस की कळेल" असं लिहू नका. मराठी वाचते ती, सावकाश वाचते, पण जोडाक्षरांसकट वाचते.

आता कामाचं. आई, गुरुवारच्या महिला सभेला चालत जाऊ नकोस, रिक्षाचे पैसे मी पाठवलेत ते त्याचसाठी आहेत, दानपेटीसाठी नाहीत. गुडघ्याला तेल चालेल, पण ते वेदनाशामक गोळ्यांचं पाकीट दुकानातून परस्पर आणलेलं मी पाहिलंय, ते बंद. तुझ्या साखरेचा मागचा रिपोर्ट भावजयीला सांगून फोटो काढून पाठव. बाबांची बीपीची गोळी सकाळचीच, प्रार्थना संपल्यावर नाही, कारण ती कधी संपेल याचा नेम नसतो.

आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी दिली की त्याच दिवशी मला कळवा, दुसऱ्या दिवशी नाही. आमचा पुढच्या महिन्याचा तक्ता पंचवीस तारखेला लागतो. त्याच्या आत कळलं तर मला सलग तीन ऑफ मागता येतील, ऑपरेशनला मी स्वतः येईन आणि थेंब घालायला पहिले दोन दिवस राहीन. त्यात रविवार आलाच तर तुमच्या शेजारी बसेन. उपदेशात मान खाली गेली तर उठवू नका.

तुमची,
बेबी