बॉक्साइटच्या खाली काय आहे? खनिकर्म मंत्र्यांना खुले पत्र

मा. खनिकर्म मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस

सविनय नमस्कार.

मी मूळचा राधानगरी तालुक्यातला. नोकरीची बहुतेक वर्षे चंद्रपूर आणि वणीकडच्या कोळसापट्ट्यात बोअरमधून निघालेले दगड तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात परतलो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातील एका बॉक्साइट (ॲल्युमिनियमचे खनिज) खाणपट्ट्याच्या जनसुनावणीला गेलो होतो. मंडपात पठाराच्या उभ्या छेदाचे मोठे चित्र लावले होते. वर तपकिरी रंगात जांभा, त्याखाली गुलाबी रंगात बॉक्साइट, आणि त्याच्याखाली कोरा कागद. खाली काय आहे असे विचारल्यावर, मालाची प्रत जिथे संपली तिथे ड्रिलिंग थांबवले, असे उत्तर मिळाले. उत्तर प्रामाणिक होते. म्हणूनच ते मला अधिक खटकले आणि हे पत्र लिहावेसे वाटले.

कोळशाच्या खाणीत असे चित्र कोणी पुढे ठेवले असते, तर ते तिथल्या तिथे परत केले गेले असते. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर नावाच्या खडकथरांमध्ये आहे, त्याचे वय २५ कोटी वर्षांहून जास्त आहे, आणि त्याच्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी नावाचा वालुकाश्म व काही भागांत आपला नेहमीचा काळा कातळही पसरलेला आहे. तिथे काम करणाऱ्याला कोळशापेक्षा त्याच्या वरच्या आणि खालच्या दगडाची चिंता जास्त असते. पातळ थरांचा शेल (चिखलापासून बनलेला दगड) छतात असेल तर तो पापुद्र्यांनी सुटतो, जाड वालुकाश्म असेल तर तो बराच काळ लटकून राहतो आणि मग एकदम येतो, आणि कामठी वालुकाश्म सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून असतो. भूमिगत खाणीच्या छताला आपल्याकडे १०० पैकी गुण देण्याची पद्धत आहे. तीत दगडाच्या ताकदीला फक्त १५ गुण असतात, तर थरांच्या जाडीला ३० आणि भेगा व इतर संरचनांना २५. उरलेले गुण दगड पाण्याने किती झिजतो आणि छतातून किती पाणी झिरपते यांना जातात. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथे खाणीत पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार मरण पावले. त्या पिढीतल्या प्रत्येक खाणवाल्याच्या मनात ती तारीख राहिली. सीम, म्हणजे कोळशाचा थर, संपल्यावरही आम्ही बोअर काही मीटर खाली नेत असू, कारण तळ कसा आहे हे माहीत असल्याशिवाय वरचे काम आखताच येत नसे.

कोल्हापूरच्या पठारांवर मांडणी उलटी आहे. कोळसा दगडांच्या खाली दडलेला असतो. बॉक्साइट मात्र डोंगराच्या छपराचाच भाग आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ पुढे प्रदीर्घ काळ उन्हापावसात कुजत गेला, त्यातली सिलिका विरघळून वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले. त्यामुळे वर पोळ्यासारखा भोके भोके असलेला कडक जांभा, त्यात किंवा त्याच्या खाली कप्प्याकप्प्यांनी बॉक्साइट, त्याखाली फिकट, चिकट मातीचा थर, मग मऊ झालेला कातळ आणि शेवटी घट्ट काळा कातळ, असा क्रम लागतो. यातला मातीचा थर ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कोअरचा, म्हणजे बोअरमधून काढलेल्या नमुन्याचा, वाळलेला तुकडा जिभेला लावला की तो चिकटून बसतो. आमच्या धंद्यातली ही जुनी सवय आहे; घरचे लोक तिला अजून नावे ठेवतात.

सारा मुद्दा या चिकट थराचा आहे. जांभ्यातून आणि बॉक्साइटमधून मुरलेले पावसाचे पाणी या थरावर येऊन अडते, आडवे सरकते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाड्यावस्त्यांची तहान या झऱ्यांवर भागते, आणि त्यांचेच ओहोळ पुढे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांना मिळून पंचगंगेत येतात. वरचा सच्छिद्र दगड काढला म्हणजे पाण्याची टाकीच काढली, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या भातखाचरांत उतरते. सगळे झरे याच थरावर फुटतात असा माझा दावा नाही. काही झरे लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यावरही फुटतात, आणि त्यांना वरच्या खोदकामाचा तितका धक्का बसणार नाही. पण कोणता झरा कशावर अवलंबून आहे हे बोअर खाली नेल्याशिवाय सांगता येत नाही, आणि बोअर तर मालापाशीच थांबवला जातो.

कोळसा हा केंद्राचा विषय आहे. बॉक्साइटचा खाणपट्टा मात्र १९५७ च्या खनिज कायद्यानुसार राज्य देते. खाण आराखड्याला केंद्राचा भारतीय खाण ब्युरो मान्यता देतो हे मी जाणतो. तरीही लिलावापूर्वीचे पूर्वेक्षण (खनिजाचा शोध व तपासणी) आणि लिलावाच्या अटी आपल्या विभागाच्या हातात आहेत. प्रत्येक पट्ट्यातले निदान काही बोअर घट्ट काळ्या कातळापर्यंत न्यावेत, चिकट मातीचा माथा कोणत्या उंचीवर आहे त्याचा नकाशा काढावा, कडेच्या झऱ्यांचे मार्च ते मे या महिन्यांतले पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून मोजून घ्यावे, आणि त्या मातीवर सच्छिद्र दगडाची किती जाडी न खोदता ठेवायची हे त्या मोजणीवरून प्रत्येक पठारासाठी वेगळे ठरवावे, अशी माझी विनंती आहे. सरसकट एकच आकडा लावू नये, कारण थर सगळीकडे सारखे नाहीत. बोअर आणखी काही मीटर नेण्याचा खर्च पट्ट्याच्या उलाढालीपुढे नगण्य आहे.

पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जनसुनावणीपूर्वी द्यावा लागतो, पण त्यात थरांचा छेद असतोच असे नाही. तो संपूर्ण छेद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. झऱ्यावर रोज कळशी भरणाऱ्या बाईला तो समजावून सांगायला अर्धा तास पुरतो. मी एकदा सांगून पाहिला आहे, आणि तिने मला विचारलेला प्रश्न जनसुनावणीतल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा नेमका होता: "मग माती कुठवर खोल हाय ते आधी बघायचं न्हाई का?"

ज्या पठाराच्या जनसुनावणीने या पत्राला सुरुवात झाली, तिथे पावसाळ्यापूर्वी दोन बोअर घेतले तरी तो कोरा कागद भरता येईल. आपल्या संचालनालयाकडून ड्रिलिंगची सोय होणार असेल, तर कोअर तपासून नोंदी करायला मी कोणतेही मानधन न घेता येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूवैज्ञानिक
कोल्हापूर