त्या चौदा दिवसांतल्या माणसांना

आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांची, आमची दुसरी खेप. दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी ठरल्या वेळी पोटात इंजेक्शन. आमचा फ्रिज बिघडला, तेव्हा ती औषधं ठेवून घेणाऱ्या शेजारच्या काकू, 'कसली गं औषधं?' असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. किती बरं वाटलं!

गर्भ आत सोडल्यापासून बीटा एचसीजीच्या, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासणीपर्यंतचे चौदा दिवस संपता संपत नव्हते. रिपोर्ट निगेटिव्ह आला. लॅबच्या जिन्यात माझा हात धरून बसलेल्या अनोळखी ताई, तुमचा स्वतःचा रिपोर्ट तेव्हा यायचाच होता, हे मला नंतर कळलं.

आणि समुपदेशक मॅडम, तुम्ही ह्यांच्याकडे वळून विचारलंत, "तुम्ही कसे आहात?" तीन वर्षांत सगळ्यांनी मलाच विचारलं होतं. ह्यांना कुणीच नाही, खरं तर मीसुद्धा नाही. त्या खुर्चीत हे पहिल्यांदा रडले. घरी येताना रिक्षात आम्ही दोघं खूप दिवसांनी मोकळं बोललो.

जाऊबाई, स्वतःच्या डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी तुम्ही फोन केलात: "नाही आलीस तरी चालेल." दुपारी ताट घरी आलं, पुरणपोळीसकट. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.