दवाखान्यातल्या एका दारासाठी आवाहन

सगळ्यांना नमस्कार. काल मीटिंग संपायला साडेदहा झाले आणि हे आत्ता स्वयंपाक उरकून टाईप करतेय, काही राहिलं असेल तर समजून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. दवाखान्यात मनाच्या त्रासाबद्दल मोकळं बोलता यावं म्हणून बंद दाराची खोली करायचीय, त्यासाठी हे आवाहन.

दांडेकर पुलाच्या वस्तीत आपला दवाखाना कसा उभा राहिला हे सगळ्यांना माहितीय, तरी सांगते, ज्यांनी केलं त्यांची आठवण निघालीच पाहिजे. आजींनी स्वतःची पुढची खोली भाडं न घेता दिली, मंडईत गाळा असलेल्या काकांनी पहिलं टेबल आणि बीपीचं मशीन दिलं, घरकाम करणाऱ्या आपल्या बायकांनी महिन्याला वीस-वीस रुपये साठवून वजनकाटा आणला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा पोरांनी आधी औषधांची खोकी माळ्यावर चढवली आणि मग स्वतःच्या घराकडे धावली. कोविडमध्ये रिक्षावाल्या भावांनी एक रुपया न घेता पेशंट नेले. मंडळ हे कधीच विसरणार नाही.

आता मुद्दा. डोकं जड, ॲसिडिटी, छातीत धडधड म्हणून पेशंट येतो, रिपोर्ट नॉर्मल, गोळी घेऊन जातो, आठ दिवसांनी परत हजर. डॉक्टर मॅडमनी नीट बसवून विचारलं की कळतं झोप नाही, घरात पिणं आहे, बचत गटाचे हप्ते थकलेत, नाहीतर काहीच कारण नाही तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. मन खचलं की शुगर-बीपीच्या गोळ्या पण सुटतात, हे तर आपण घरोघरी बघतोय. आणि मनाच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं की पहिला प्रश्न, "मॅडम, मला येरवड्याला पाठवताय का?" तिथल्या मनोरुग्णालयामुळे ते नाव आपण पुणेकरांनी चेष्टेत इतकं वापरलंय की माणूस घाबरून आपल्या दवाखान्याची पायरीसुद्धा परत चढत नाही.

म्हणून इलाज इथेच, त्याच केसपेपरवर व्हायला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हेच लिहिलंय, की ही सेवा प्राथमिक आरोग्यसेवेतसुद्धा मिळाली पाहिजे. गोव्यात आरोग्य केंद्रांमध्ये शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी हे काम केलं, सरकारी केंद्रांत बरे होणारे पेशंट वाढले, तो अभ्यास २०१० लाच छापून आलाय. आपल्याही दोन ताई शिकून तयार आहेत.

ह्या ताई पेशंटकडून नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी, कशात मन लागतं का. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. आणि तो आपण विचारतो कुठे, तर पडद्याच्या अलीकडे, बाकावर सहा माणसं बसलेली असताना! एका बाईंनी "नाही" सांगितलं आणि तीन दिवसांनी दवाखाना बंद होताना येऊन म्हणाल्या, त्या दिवशी खरं नाही बोलले, मागे सासूबाईंच्या ओळखीच्या बसल्या होत्या. त्या परत आल्या म्हणून, नाहीतर काय झालं असतं, मला त्या रात्री झोप लागली नाही.

मार्चमध्ये ह्याच खोलीच्या कामासाठी मेसेज टाकला होता. अंगठे खूप आले, पैसे अकरा जणांनी दिले, आणि मीटिंगला आम्ही कमिटीचे सोडून एकच माणूस. गणपतीच्या वर्गणीला आपण कधी मागे राहिलो नाही आणि राहू पण नये, पण ह्याला का राहतो? वाईट वाटलं, ते लिहून मोकळी होते. त्या अकरा जणांचे मात्र मनापासून आभार.

हिशोब: पार्टिशन, दार, पंखा, खुर्च्या ३८,०००, समुपदेशक ताईंचं मानधन महिना ८,००० प्रमाणे वर्षाचे ९६,०००, औषधं २५,०००, एकूण १,५९,०००. जमा ४१,५००. कमी १,१७,५००. मानसोपचार तज्ज्ञ महिन्यातून एक रविवार फी न घेता येणार आहेत. कारपेंटर दसऱ्यापर्यंतच मोकळा आहे, म्हणून घाई. रोख ऑफिसात संध्याकाळी ६ ते ८, नाहीतर दवाखान्यातल्या क्यूआर कोडवर, पावती घ्याच. पैसे जमत नसतील त्यांनी रविवारी ९ वाजता मागची खोली रिकामी करायला या, दोन कपाटं आणि जुना पलंग हलवायचाय. आणि तोपर्यंत कुणाला अगदीच असह्य झालं तर १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलता येतं.

आपली,
चिटणीस